पंधरा खाचांची काठी

मोटर जळाली दुपारी सव्वादोनला, आणि ती सुनेनं जाळली असं अडीचला ठरलं. मधल्या पंधरा मिनिटांत घरातल्या चौघांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे हातभार लावला. सासऱ्यांनी मोटरीवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नवऱ्यानं झाकण उघडून वास घेतला. सासू नाक दाबून लांब उभी राहिली. सुनेनं पळत जाऊन खटका बंद केला. उपयोगाचं काम तेवढं एकच होतं, पण सगळे वळून बघेपर्यंत तिचा हात अजून खटक्यावरच होता. खटक्यावर जिचा हात, तिचीच करणी, एवढा साधा न्याय झाला.

"आबांनी आठ खाचा सांगितल्या होत्या," ती म्हणाली.

"आठ सांगितल्या म्हणजे आठच असणार," सासू म्हणाली. "त्यानंतर तू किती वेळ चालवलीस ते बोल."

घड्याळ तिनं बघितलं नव्हतं. आबा तळहात चोळत टाकीकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत. ते मुळात कमी बोलत, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

त्या दिवसापासून सुनेनं कुठलाही आकडा सांगितला की सासू तो पुन्हा मोजू लागली. पन्नास ट्रे भरले म्हटलं की उठून मोजायची. दोन डबे औषध उरलं म्हटलं की डबे हलवून बघायची. तोंडानं काही बोलायची नाही, फक्त मोजायची. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

घराचं सगळं रोपांवर चाले. घरामागे हिरव्या जाळीखाली रोपवाटिका, त्यात फळ्यांवर काळे ट्रे, आणि एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खळगे. एका खळग्यात एक बी. या खेपेला टोमॅटोची तीनशे ट्रे रोपं एकाच मळेवाल्यानं सांगून ठेवलेली होती आणि तो अठरा दिवसांनी ट्रक घेऊन येणार होता. वर ऊन असं की जाळीखालीही डोकं दुखावं. बोअर पंधरा मिनिटं पाणी देई आणि मग दीड तास दम खाई. वीज मन मानेल तेव्हा येई. जे काही पाणी येई ते पत्र्याच्या टाकीत चढे, टाकीतून फवाऱ्यांच्या मोटरीत आणि मोटरीतून धुक्यासारखं रोपांवर. दुपारी दोन तास ते धुकं चुकलं की रोपं माना टाकत, आणि संध्याकाळपर्यंत न उचललेली मान पुन्हा उचलली जात नसे. उलट टाकीत पाणी नसताना मोटर चालली तर मोटर जाई. म्हणजे पाणी किती आहे हे ठाऊक नसलं तर एक तर रोपं मरणार, नाहीतर मोटर. सध्या बसवलेली मोटर शेजारच्या मळ्यातून मागून आणलेली होती. देताना शेजारी हसून म्हणाला होता की परत देताना ओळखू येईल अशी द्या.

पाणी सांगण्याचं काम आबांचं. टाकी कमरेच्या वर येणाऱ्या चौथऱ्यावर होती, तिची लोखंडी शिडी मागच्या अंगाला, कुंपणाच्या बाजूला. आबा काठी घेऊन मागे जात. काठीला पंधरा खाचा, दर पाच बोटांवर एक, त्यांनीच कधीकाळी करवतीनं पाडलेल्या. थोड्या वेळानं टाकीमागून हाक येई: "नऊ!" किंवा "पाच!" आणि इकडे सून त्या हिशेबानं मोटर चालवी. बाकीची सगळी कामं हळूहळू आबांच्या हातून सुटली होती. टेम्पो मुलाकडे गेला, माती कालवणं सुनेकडे, गिऱ्हाइकाशी बोलणं बायकोकडे. काठी राहिली होती. ती ते झोपतानाही खाटेला टेकवून ठेवत.

मुलाला घरचे खटपट्या म्हणत, बाहेरचेही म्हणत. टेम्पो चालवणं हा त्याचा धंदा होता आणि तारा जोडणं हा नाद. पूर्वी त्यानं फाटकाला घंटा बसवली होती, ती मांजर गेलं तरी वाजे. नंतर जाळीच्या दाराला आपोआप बंद व्हायची सोय केली, त्यात सासू तासभर आत अडकली. टाकीवरही त्याचे दोन प्रयोग होऊन गेले होते. तरंगता गोळा बसवला, तो क्षार चढून जागच्या जागी गच्च झाला. पाण्यात तारांची टोकं सोडली, ती महिनाभरात पांढरी होऊन मुकी झाली. मोटर जळल्यावर त्यानं ठरवलं की आता पाण्याला हात न लावताच पाणी मोजायचं. वरून बघायचं आणि अंतर सांगायचं. तसे सेन्सर मिळतात. प्रश्न एवढाच की कुठला घ्यायचा आणि तो परवडायचा कसा.

"आबांना किती दिवस वर चढवायचं?" तो जेवताना म्हणाला.

"मला काय झालंय?" आबा म्हणाले.

तेवढ्यावर ते बोलणं संपलं, आणि दुसऱ्या दिवशी रोपं पोचवून येताना तो पहिला सेन्सर घेऊन आला.

काडेपेटीएवढी पट्टी आणि तिला दोन गोल डोळे. किंमत अर्ध्या ट्रेच्या रोपांची. या घरात कुठल्याही वस्तूची किंमत ट्रेमध्येच होई, तेव्हा सासूचंही काही म्हणणं पडलं नाही. एका डोळ्यातून आवाज जातो, आपल्याला ऐकू न येणारा. तो पाण्यावर आपटून दुसऱ्या डोळ्यात परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. खटपट्यानं हे सगळ्यांना दोनदा समजावलं. सासूनं विचारलं की ऐकू येत नाही तर आवाज कशाला म्हणायचं.

वीज येऊन टाकी भरून वाहू लागली तेव्हा त्यानं वर चढून तो झाकणाला आतून चिकटवला आणि तार खाली आणून जाळीच्या दाराशी, खटक्याशेजारी आकड्यांची डबी लावली. डबी दाखवी ते झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर, सेंटिमीटरात. टाकी दीडशेची. दीडशेतून आकडा वजा केला की पाणी, आणि दहाला एक खाच. टाकी भरलेली असताना आकडा बरोबर आला. खूष होऊन त्यानं बायकोला एक वही दिली. दिवसातून तीनदा डबीचा आकडा लिहायचा आणि त्याच वेळी आबांची हाक. दोन्ही चार दिवस जुळले की झालं काम.

जुळले नाहीत. सकाळी अकराला डबी म्हणे नऊ खाचा, आबा म्हणत दहा. दुपारी दोनला डबी म्हणे पाच, आबा सात. संध्याकाळी डबी तीन, आबा मात्र सहा. खटपट्यानं आबांच्या आकड्याला धरून यंत्रात एक खाच वाढवून दिली. मग सकाळचं जुळलं, पण दुपारचं बिनसलेलंच राहिलं. तिसऱ्या दिवशी डबीनं भलतंच बोलायला सुरुवात केली, पाचशे, शून्य, पुन्हा पाचशे. उतरवून बघतो तर दोन्ही डोळ्यांच्या जाळ्या गंजलेल्या आणि पट्टीवर दव साचलेलं. बंद टाकीत ऊन तापतं, वाफ धरते. उघड्या तोंडाची वस्तू तिथं टिकायची नाही.

"स्वस्ताचं ते," सासू म्हणाली.

दुसरा आणला तो एका डोळ्याचा. गाडी मागे घेताना आपटू नये म्हणून मागच्या बंपरमध्ये बसवतात त्या जातीचा, काळा, गुळगुळीत, पाण्याला न भिणारा. दीड ट्रे. याचं एक अवघड होतं, की वीतभर अंतराच्या आतलं त्याला काही दिसत नाही. म्हातारपणी पुस्तक लांब धरून वाचतात त्यातला प्रकार. टाकी काठोकाठ भरली की हा गोंधळे. त्यावर खटपट्यानं झाकणाला भोक पाडून त्यावर दीड वीत पाइप उभा केला आणि पाइपच्या डोक्यावर याला बसवला, म्हणजे टाकी भरली तरी पाणी याच्यापासून लांबच राहील. पाइपची लांबी यंत्रातच वजा केली. या कामाला त्याची अर्धी सकाळ गेली आणि सहा ट्रे पोचवायला उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या.

वहीत पुन्हा तेच. डबी चार, आबा सहा.

सून हे सगळं आकडे लिहीत होती आणि त्याबरोबर बाकीचंही करत होती. पहाटे उठून ट्रे फिरवायचे, कडेचे मधे आणि मधले कडेला, नाहीतर कडेची रोपं खुरटतात. मग मेलेल्या खळग्यांत दुसरं रोप लावायचं, दोन बोटांच्या चिमटीत, पानाला धरून, देठाला नाही. वाकून वाकून दहा वाजेपर्यंत कंबर लाकूड होई. मूळकूज लागू नये म्हणून दर तीन दिवसांनी निळं औषध कालवायचं, ते टाकीमागच्या पिंपात, शिडीच्या पायथ्याशी, कारण तिथंच सावली. त्या औषधानं तिच्या बोटांची टोकं निळी झाली होती आणि साबणानं निघत नव्हती. दुपारी ती डबीकडे बघे, आबांची हाक ऐके आणि दोहोंच्या मधला कुठलातरी आकडा मनात धरून मोटर चालवी. मधला आकडा धरणं म्हणजे दोघांचंही न ऐकणं. त्या आठवड्यात उजव्या कडेची चार ट्रे रोपं पिवळी पडली. सासूनं ती मोजली. चारच निघाली.

आता तिची झोपही नीट नव्हती. खटका बंद केला का, हे बघायला ती जेवता जेवता उठे. नवरा वेगळ्याच कारणानं अस्वस्थ होता. त्याला वाटे, जगात इतके सेन्सर आहेत आणि आपल्याला एक खरा सापडू नये. तो टेम्पो थांबवून फोनवर वाची. जेवताना सांगे की लाल किरणांचा एक येतो, पण उन्हात आणि काळ्या वस्तूवर फसतो. मग सांगे की प्रकाशाचा एक येतो, नखाएवढा, त्याचा नेम अचूक. तो अडीच ट्रेचा आला. त्याचा प्रकाश स्वच्छ पाण्यावर थांबेना, खाली तळाला जाऊन परत येई आणि भरलेली टाकी रिकामी म्हणून सांगे. मग पाण्यावर थर्माकोलची चकती सोडली, ती भरकटू नये म्हणून रुंद पाइपात. चकतीवर आपटून प्रकाश परत येऊ लागला. आणि वहीत डबी तीन, आबा सहा.

या सगळ्यात टाकीत काठी घालून बघायला कुणालाही दोन मिनिटं लागली असती. खटपट्या झाकणापाशी चार वेळा गेला होता. पण काठी आबांची होती. टाकी बसवली त्या दिवसापासून पाणी आबा सांगत, आणि त्यांचं पाणी कधी चुकलं नव्हतं. घड्याळ लावायचं तर कशावरून तरी लावावं लागतं, ते ज्यावरून लावतो त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. खटपट्यानं तीन सेन्सर बदलले, पण बापाची काठी हातात घेतली नाही.

ट्रक यायला सहा दिवस उरले तेव्हा तो म्हणाला की आता शेवटचा एक बघू, मोठ्या कारखान्यांत वापरतात तो, पाण्याशी, वाफेशी कशाशीच त्याचं देणंघेणं नाही. किंमत त्यानं हळू आवाजात सांगितली. चाळीस ट्रे. सून म्हणाली, मी येते बरोबर.

शहरातलं ते सेन्सरांचं आणि सुट्या पार्टांचं दुकान बोळात होतं, रुंदीला एका खाटेएवढं, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत छोटे छोटे खण. पार्टवाला मधे स्टुलावर, कपाळावर भिंग चढवून. खटपट्या आत शिरताच त्यानं हसून भिंग डोळ्यांवर ओढलं, जणू हे गिऱ्हाईक नीट बघायची वस्तू आहे. तो सगळ्यांना चारच प्रश्न विचारी. किती लांबचं मोजायचं? जागा ओली का कोरडी? समोर काय, पाणी, भिंत का माणूस? आणि किती चुकलेलं चालेल? एवढं सांगितलं की खण आपोआप उघडतो, असं त्याचं म्हणणं. पाचवा प्रश्न तो विचारत नसे, चपलांकडे बघून ओळखे.

चाळीस ट्रेवाल्याचं नाव काढल्यावर त्यानं खण उघडलाच नाही.

"त्या टाकीला? तो बसवलास तर नर्सरी त्याच्यासाठी चालवावी लागेल तुला."

खटपट्यानं तिन्हींची कहाणी सांगितली. पार्टवाल्यानं त्याच्या पिशवीतले दोन घेतले, गंजलेल्याच्या जागी खणातून तसाच नवा काढला, आणि तिघांना गल्ल्यावर एका रांगेत बसवलं. समोर एक खोकं उभं केलं आणि टेप लावला. साठ सेंटिमीटर. तिघांनीही साठ सांगितलं, एखादा इकडे, एखादा तिकडे. खोकं सरकवलं. नव्वद. तिघांनीही नव्वद.

"हा आवाजानं बघतो, हाही आवाजानं पण भिजून, आणि हा उजेडानं," तो म्हणाला. "चुकायचं झालं तर प्रत्येक जण आपापल्या तऱ्हेनं चुकेल. तिघांची एकच चूक व्हायची कशी? तू यांना कशाशी ताडून बघतोस?"

"आबांच्या काठीशी."

"आणि काठी कोण ताडून बघतं?"

खटपट्या हसला. मग गंभीरपणे म्हणाला की टाकीत वाफ फार असते, त्यामुळे असेल. पार्टवाल्यानं खांदे उडवले आणि भिंग पुन्हा कपाळावर चढवलं. चाळीस ट्रेवाला मागवायचाच असेल तर परवापर्यंत सांग, म्हणाला.

सून गल्ल्यावर हात टेकून उभी होती. ती आपल्या निळ्या बोटांकडे बघत होती. काल संध्याकाळी आबांनी काठी नेहमीप्रमाणे दाराशी टेकवली होती. टोकाला ओली होती, एक खाचभर. आणि ओल निळी होती.

टाकीतलं पाणी निळं नव्हतं.

घरी येईपर्यंत ती टेम्पोत बोटं निरखत होती. नवरा वाफेबद्दल बोलत होता. पोचल्यावर त्यानं उजेडवाला पुन्हा टाकीवर बसवला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आबा काठी घेऊन मागे गेले. ती हातातला ट्रे खाली ठेवून कुंपणाच्या बाजूनं, पायाचा आवाज न करता गेली.

आबा शिडीच्या पाचव्या पायरीवर होते. शिडीला पायऱ्या अकरा. डाव्या हातानं त्यांनी कठडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती. उजव्या हातातल्या काठीनं ते टाकीच्या पत्र्यावर ठोकत होते, वर, मग थोडं खाली, मग आणखी खाली, आणि कान पत्र्याला लावून ऐकत होते. त्यांची एक पोटरी थरथरत होती, शिवणयंत्राच्या सुईसारखी, थांबतच नव्हती. सहाव्या पायरीपासून वर कोळ्यांनी जाळी विणली होती, धूळ बसून जाड झालेली. खटपट्या मागून कधी चढलाच नव्हता. तो पुढून टेम्पोच्या टपावरून चढे.

आबांनी मान वळवली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. हाक द्यायची वेळ उलटून चालली होती.

"थंडीत पडलो," आबा हळूच म्हणाले. "आठव्या पायरीवरून."

थंडीत ते लंगडत होते, आणि सायकलवरून पडलो असं सगळ्यांना सांगितलं होतं. सुनेनंच पंधरा दिवस शेकलं होतं.

"आवाजावरून कळायचं गं. रिकामा पत्रा वाजतो, भरलेला दबतो. बरोबर यायचं. आता आतून क्षार चढलाय, सगळीकडे दबकंच वाजतं."

 शिडीपाशी जाऊन तिनं दोन्ही हातांनी ती धरली.

"सोड. कुणी बघेल."

"उतरा सावकाश," ती म्हणाली.

ते उतरले. प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपत, मग वजन देत. खाली आल्यावर, काठी ओली दिसावी म्हणून, सवयीनं त्यांनी तिचं टोक पिंपात बुडवलं. पूर्वी ते शेजारच्या साध्या पाण्याच्या बादलीत बुडवत असणार. ती या उन्हात आठवडाभर कोरडी पडली होती. आणि आबांच्या डोळ्यांना निळं आणि काळं आता सारखंच दिसे. काठी बाहेर काढून त्यांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग डोळ्यांजवळ नेऊन टोकाकडे.

"सांगणार आहेस?"

पलीकडून सासूनं ओरडून विचारलं की आज पाणी सांगायला मुहूर्त बघताय का. 

"सहा!" त्यांनी हाक दिली.

सून परत आली. डबी एकशे सतरा दाखवत होती, म्हणजे जेमतेम तीन खाचा. तिनं वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि मोटर लावलीच नाही. सासूनं विचारलं की सहा असताना का थांबलीस. ती म्हणाली, माझ्या मनाला येईना. सासू म्हणाली की मन मोटर जळायच्या आधी आलं असतं तर बरं झालं असतं. हे आबांच्या समोर झालं. आबा काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसले होते आणि अंगठ्यानं एक एक खाच मोजत होते, पंधरापर्यंत जाऊन पुन्हा पहिलीपासून.

त्या घटकेला ती सांगू शकली असती. दोन वाक्यांत तिच्यावरचा डाग जाऊन तो आबांवर गेला असता, आणि आबांच्या हातात जे एक काम उरलं होतं तेही गेलं असतं. ती उठून ट्रे फिरवायला गेली. त्या दिवशी तिनं फिरवलेलेच काही ट्रे पुन्हा फिरवले.

संध्याकाळी नवरा म्हणाला की उद्या चाळीस ट्रेवाला सांगून टाकतो.

"नको," ती म्हणाली. "एकडोळ्या बसवा."

त्याला वाटलं ती दमलीय म्हणून बोलतेय. तिनं एकेक सांगितलं. दोनडोळ्या गंजतो. उजेडवाल्याची चकती कधी अडकेल सांगता येत नाही. एकडोळ्या भिजतो आणि तरी चालतो, त्याचं आंधळेपण पाइपनं सांभाळलंय. एखादं बोट चुकलं तर चालेल, रोपांना तेवढं कळत नाही.

"पण काठीशी जुळत नाही त्याचं."

"ते माझ्यावर सोडा."

"तुझ्यावरच सोडलं होतं," सासू म्हणाली.

सुनेनं ते ऐकून घेतलं. मग नवऱ्याला म्हणाली, "डबी इथं दाराशी नको. मागे लावा, शिडीच्या पायथ्याशी, आबांच्या डोळ्यांसमोर. आकडे मोठे दिसतील अशी. हाक आबाच देतील. मी हातातली रोपं टाकून आकडा बघायला येत बसू का?"

खटपट्याला यात काही खटकलं नाही. मोठ्या आकड्यांची डबी करायला मिळणार म्हणून तो उलट खूषच झाला. आबा सुनेकडे बघत होते. ती बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी डबी मागे लागली, वीतभर उंच लाल आकड्यांची. मुलानं बापाला समजावलं. आबा बराच वेळ तिच्यासमोर उभे होते.

"पाणी कमी होतंय आणि हा वाढतोय," ते म्हणाले.

"तो वरून खाली मोजतो ना, आबा."

"म्हणजे रिकामं मोजतो."

"हो. दीडशेतून वजा केलं की पाणी."

"वजाबाकी तुमची तुम्ही करा. मला दिसतंय ते सांगतो."

त्या दिवशी पहिल्यांदा हाक आली: "ब्याऐंशी रिकामं!" सासूनं कपाळाला हात लावला. पण सून अर्ध्या मिनिटात हिशेब करून मोटर चालवू लागली, आणि पुढचे चार दिवस मोटर अडखळली नाही. कडेच्या रोपांनी मान धरली. काठी आबा अजून बरोबर नेत. ते ती शिडीला टेकवून ठेवत आणि उभं राहून हाक देत.

मळेवाल्याचा ट्रक आला तो दिवस त्या हंगामातला सगळ्यात तापलेला होता. ट्रकवाला, त्याचे दोन हमाल, शेजारी, जो आपली मोटर ओळखू येते का बघायला आला होता, सगळे जाळीखाली. सासू दाराशी उभी राहून जाणारा एकेक ट्रे मोजत होती. खटपट्या ट्रकवर. राहिलेल्या रोपांवर शेवटचं धुकं धरलेलं, सून खटक्यापाशी.

"एकशे अठरा रिकामं! बंद कर!"

तिनं खटका दाबला. फवारे बसले. जाळीवरून थेंब गळत राहिले. शेजारी वाकून मोटरीला हात लावून आला आणि गार आहे म्हणाला.

टाकीमागून पुन्हा आवाज आला. तोच, पाणी सांगायचा, सगळ्या वाटिकेला ऐकू जाईल असा.

"आणि ऐका! त्या दिवशी मोटर सूनबाईनं नाही जाळली. आठ खाचा मी न बघता सांगितल्या होत्या. थंडीपासून वर चढलेलो नाही मी."

हमाल ट्रे हातात घेऊन थांबले. खटपट्या ट्रकच्या फळीवरून टाकीकडे बघत राहिला, तिथून टाकीमागचं काही दिसत नव्हतं. शेजाऱ्यानं मोटरीवरचा हात काढून पॅन्टला पुसला.

आबा बाहेर आले नाहीत. मग काठी जमिनीवर टाकल्याचा आवाज आला.

ट्रकवाला म्हणाला, चला, ऊन वाढतंय. हमाल हलले. पुढचा ट्रे दारातून गेला, मग त्याच्या मागचा, आणि सासूचं बोट हवेतच राहिलं. तिचा आकडा हरवला होता. 

"किती झाले गं?"

"दोनशे सहा, आई."

"दोनशे सहा," सासू ट्रकवाल्याला म्हणाली, आणि पुढचा ट्रे दोनशे सात म्हणून मोजला.